फडावरची अक्षरं

माझी नात पुण्याला इंग्रजी शाळेत जाते. दिवाळीत आली तेव्हा दप्तरात कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एकच शब्द. कार्ड दिसलं की पोरगी शब्द बोलून मोकळी, अक्षरं जुळवायची भानगडच नाही. जावई म्हणाले, ‘‘मामा, डॉल्च नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ साली अशा २२० शब्दांची यादी काढली. अजून तीच चालते.’’ इंग्रजीला ते लागतंच म्हणा. ‘सेड’ लिहायचं तर मधी ए आणि आय, ‘वन’ची सुरुवात ओनं. असले शब्द माणसासारखे तोंडवळ्यानंच ओळखायचे.

मराठीला याची काय गरज? आम्ही पाटीवर गिरवून, बाराखडी घोकूनच शिकलो. पण कार्डं डोक्यात राहिली.

पुढं आमच्या उसाला तोड आली. बीडकडची टोळी. बांधाला कोप्या पडल्या. त्यातली एक आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला झोळीत घालून झोका देत बसायची. गावच्या शाळेत नाव दुसरीत, पण दिवाळी झाली की आईबापामागं फडावर. दर साली बाराखडी नव्यानं सुरू व्हायची आन् ‘घ’च्या आत अडकायची. तिसऱ्यांदा ‘क’पासून कोण सुरू करणार? म्हटलं, कार्डं करून बघू.

पंपाचा खोका फाडला, कोळशानं शब्द लिहिले. कोपीच्या दाराला ‘कोपी’, जुवाला ‘बैल’, घागरीला ‘पाणी’. मोटर चालू करायला जायचो तेव्हा अर्धा तास तिचा. पहिला शब्द तिनंच मागितला : बापाचं नाव. आठ दिवसांत चौदा शब्द झाले. पोरगी नुसती फुलली. आईला हाका मारमारून वाचून दाखवायची.

मग एक दिवस ‘कोंबडी’ लिहून दिलं, तर ठणकावून म्हणाली, ‘‘कोयता!’’ म्हणजे ती ‘को’ बघून अंदाज मारत होती. नुसत्या तोंडवळ्यावर मराठी भागत नाही, ते इथं कळतं. कात्री घेतली. ‘कोपी’चा ‘को’ कापला, ‘पाणी’चा ‘णी’ कापला. ‘गो’ला ‘णी’ लावला की गोणी, ‘रा’ला लावला की राणी. ती आधी हरखली, मग स्वतःच विचारायला लागली, ‘‘आबा, ह्या काठीचं काय? ह्या मात्रेचं काय?’’ तीच बाराखडी, पण आता ती तिची गरज झाली होती. मास्तर लोकांनी रागावू नये, पण आधी शब्दाची गोडी लागली तर अक्षराचा कंटाळा येत नाही असं मी बघितलं.

एका संध्याकाळी मुकादम वही घेऊन खेपा मांडत होता. पोर मागं उभी राहून बघत होती. मधीच बोलली, ‘‘दादांचं नाव सहाच बार हाय. गाडी सात बार गेली.’’ गाडीवर बसून तीच जायची ना! बाप दचकला. ‘‘गप गं, उचल हाय अंगावर.’’ मुकादमानं मान वर केली नाही. सातवी ओळ मात्र लिहिली. बापानं रोजच्यासारखा अंगठा उठवला.

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला. कोप्या मोडल्या, भांडीकुंडी गाडीत चढली. पोरीनं कार्डं पिशवीत भरली. एक माझ्या हातात परत दिलं. ‘ऊस’ लिहिलेलं.

‘‘हे नगं आबा,’’ म्हणाली.