उंच रोपें व भक्कम पिंजरे

आमच्या शाळेच्या इमारतीमागें विहिरीला लागून एक लहानसा मळा आहे. गेलीं कित्येक वर्षें त्याची देखरेख मजकडे असल्यामुळें, अध्यापनाखालोखाल माझें मन कशांत रमत असेल तर तें त्या चार वाफ्यांत. तेथें मुलांना मीं पुष्कळ कांहीं शिकविलें अशी माझी समजूत होती. परंतु तेथेंच मला जो एक धडा शिकावा लागला, तो आज विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस निवेदन करावा असें वाटतें.

सन 2022 च्या पावसाळ्यांत आम्हीं दोन वाफ्यांत चेरी टोमॅटोचीं रोपें लाविलीं. फळ बोराएवढें, तेव्हां झाडही बेताचेंच असणार, असें अनुमान मीं केलें. म्हणून बांबूच्या बारीक कामट्या उभ्या करून त्यांभोंवतीं सुतळीचे वेढे द्यावे असें ठरविलें. बांधणीचें काम नववींतील एका वसतिगृहवासी विद्यार्थ्याकडे सोंपविलें. तो जुन्नर तालुक्यांतील टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. महिन्याभरांतच तो मजकडे येऊन म्हणाला, "सर, हीं झाडें डोक्यावर जाणार. कामट्या पुरायच्या नाहींत. आमच्याकडे जाड बांबू रोवून तार ओढतात." मीं हंसून उत्तर दिलें, "अरे, फळ केवढें आणि बांबू केवढा! सांगितलें तेवढें कर." तो मुकाट्यानें गेला व सांगितलें तेवढें त्यानें मन लावून केलें.

ऑक्टोबरमध्यें परतीच्या पावसानें जोर धरला. एके सकाळीं पाहतों तों पुरुषभर उंचीचीं तीं झाडें कामट्यांसह चिखलांत आडवीं झालेलीं. हिरव्या फळांचे घोसच्या घोस मातीस लागले होते. माझा राग अनावर झाला, आणि सर्व वर्गासमक्ष मीं त्या मुलास निष्काळजी म्हणून दोष दिला. त्यानें एक शब्दही उलट काढला नाहीं. त्याचें तें मौन मला त्या वेळीं अपराधाची कबुली वाटलें.

पुढील रविवारीं त्याचे वडील भेटीस आले. नारायणगांवच्या बाजारीं दरसाल माल नेणारे ते गृहस्थ. पडलेलीं झाडें पाहतांच त्यांनीं एक खोड उचलून मला दाखविलें. "सर, हें बघा. तीन पानें, मग फुलांचा घोस. पुन्हां तीन पानें, पुन्हां घोस. शेंडा आपला चालूच. असलें झाड थांबत नसतं. फळावर जाऊं नका, शेंड्याकडे बघा." मग थोडें थांबून ते म्हणाले, "पोरानें सांगितलं नव्हतं का तुम्हांला?"

मुलानें घडलेल्या प्रकाराविषयीं घरीं कांहींच कळविलें नव्हतें, हें त्या प्रश्नावरून उघड झालें. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत उभें राहून मीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. इतक्या वर्षांच्या नोकरींत दुसरें कोणतेंही काम मला इतकें जड गेलें नाहीं.

त्यानंतर मीं पुस्तकें उघडलीं. आपल्याकडे जुन्या पिढींत टोमॅटोस वेलवांगें म्हणत, आणि तें नांव यथार्थ आहे. हें झाड वांग्याच्याच कुळांतलें, पण स्वभाव वेलासारखा वाढतच राहण्याचा. सन 1914 मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें एक निराळें झाड आपोआप निपजलें. त्याचा शेंडा कांहीं घोस आल्यावर फुलांतच संपे. आजच्या बुटक्या जाती त्याच गुणाच्या आहेत. त्यांचीं फळें थोड्या दिवसांत एकदम पिकतात. उंच जाती मात्र थोडीं थोडीं करून कित्येक आठवडे फळ देतात. बियांच्या पाकिटावर पहिलीस 'डिटरमिनेट' व दुसरीस 'इंडिटरमिनेट' असें लिहिलेलें असतें.

परंतु चूक कबूल करणें निराळें, आणि सवय सुटणें निराळें. सन 2023 मध्यें आम्हीं पिंजरे चांगले भक्कम केले. कांक्रीटच्या कामास लागणारी सहा इंची चौकटींची लोखंडी जाळी आणिली. पांच फूट रुंदीच्या जाळीचा पांच फूट लांब तुकडा वाटोळा करून जोडला, म्हणजे सुमारें 19 इंच व्यासाचा पिंजरा होतो; हा हिशेब मुलांनींच मांडला. चौकटींतून हात सहज जातो व फळ बाहेर काढतां येतें. रोप लहान असतांनाच पिंजरा बसवून दोन गज खोल ठोकले. मग मीं मोठ्या फळाची जात निवडली. मोठें फळ, तर झाडही मोठें! झाडें अडीच फुटांवर थांबलीं आणि वरचा अर्धा पिंजरा रिकामा राहिला. तोच विद्यार्थी, आतां दहावींत गेलेला, पाकीट पुढें करून हळूच म्हणाला, "सर, यावर लिहिलें होतें." या खेपेस आम्ही दोघेही हंसलों.

सन 2024 मध्यें दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'पुसा रुबी' ही उंच जात लाविली. तिनें पिंजरा भरून टाकला; पाऊस झाला, वारा सुटला, पण एकही झाड पडलें नाहीं. नाताळच्या सुटीनंतरही मुलें टोपल्या भरीत होतीं. तें पाहावयास तो विद्यार्थी मात्र शाळेंत नव्हता. परीक्षा उत्तीर्ण होऊन तो महाविद्यालयांत गेला होता.

दोन्ही वेळां मीं फळाच्या आकारावरून झाडाची परीक्षा केली, आणि दोन्ही वेळां फसलों. वर्गांतही गुणपत्रिका पाहून मुलांची उंची ठरविण्याची खोड मला होतीच. त्या मुलाचे गुण बेताचे होते, म्हणूनच त्याचें बोलणें मीं हंसण्यावारीं नेलें, हें आज लपविण्यांत अर्थ नाहीं. आतां मळ्यांत एखादा विद्यार्थी "सर, मला असें वाटतें" म्हणूं लागला, कीं मी हातांतलें खुरपें खालीं ठेवितों. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं मात्र बोलावयाचें सोडूं नये. आणि पालकहो, आपलें मूल शाळेंत कां गप्प राहतें, हें त्या शेतकऱ्याप्रमाणें आम्हां शिक्षकांसही एकदां अवश्य विचारावें.