पायांना साथ देणारी सायकल : ओटागोच्या जुन्या लोहमार्गावर

आमच्या तरुणपणीच्या पुण्यात कचेरी, कॉलेज, मंडई आणि सिनेमा ही सारी ठिकाणे सायकलनेच जोडलेली होती. ह्यांनी तर निवृत्तीनंतरही सायकल सोडली नव्हती. ती सुटली हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे, आणि पुढे सुटलेलीच राहिली ती माझ्या धास्तीमुळे. बायपासला तीन वर्षे होऊन गेली होती. डॉक्टरांनी हलक्या व्यायामाची परवानगी केव्हाच दिली होती. तरीही जिन्याखाली उभ्या असलेल्या त्या सायकलीत हवा भरण्याचा विषय निघाला की मी हटकून दुसरे काही काढत असे.

मार्च महिन्यात आम्ही लेकीकडे, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डनेडिन शहरी गेलो. आपल्याकडे उन्हाळा तापू लागतो तेव्हा तिकडे शरद ऋतू सुरू होतो. एके संध्याकाळी तिने आमच्यापुढे नकाशा पसरला. "बाबा, इथून मोटारीने दोन-अडीच तासांवर एक जुना रेल्वेमार्ग आहे. रूळ काढून त्याची सायकलवाट केली आहे. विजेची मदत असलेल्या डोंगरी सायकली तिथे भाड्याने मिळतात. तुम्हा दोघांना जमेल."

"विजेवर चालते ती सायकल कसली? ती मोपेड," हे म्हणाले.

"आणि ह्या वयात डोंगरात सायकल कशाला?" मी म्हणाले.

नकार दोघांचाही होता. ह्यांचा अभिमानापोटी, माझा भीतीपोटी. ते दोन्ही नकार कसे निवळले ते सांगावे, म्हणून हा लेख.

आगगाडीने आखून दिलेला चढ

ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही वाट क्लाइड ते मिडलमार्च अशी १५२ किलोमीटर लांब आहे. समुद्रकाठच्या डनेडिनपासून आतल्या पठाराकडे जाणाऱ्या ह्या लोहमार्गाचे काम १८७९ मध्ये सुरू झाले आणि आगगाडी क्लाइडला पोहोचली ती १९०७ मध्ये. पुढे मोटारी आल्या, मालवाहतूक रस्त्यावर गेली आणि १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला. सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने तो ताब्यात घेतला, रूळ आणि स्लीपर उचलले गेले, पुलांवर फळ्या व कठडे बसवले गेले आणि २००० साली ही वाट पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना खुली झाली.

वाफेच्या इंजिनाला खडा चढ चढवत नसे. त्यामुळे ही वाट आखणाऱ्या इंजिनिअरांनी कुठेही ५० फुटांमागे १ फुटापेक्षा अधिक चढ ठेवला नाही. आपल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांमागे १ फूट आहे, म्हणजे हा त्याहूनही सौम्य. जिथे टेकडी आली तिथे खोदाई केली, जिथे दरी आली तिथे भराव घातला किंवा पूल बांधला. शंभर वर्षांपूर्वी इंजिनासाठी घेतलेली ही काळजी आज म्हाताऱ्या गुडघ्यांच्या उपयोगी पडते.

ह्या वाटेवर मोटारी नाहीत. पायाखाली बारीक खडी आहे. दोन सायकली शेजारी-शेजारी जातील इतकी रुंदी आहे. अधूनमधून गाव लागते, स्वच्छतागृहे आहेत, आणि गँगमनच्या तांबड्या पत्र्याच्या शेडसारखी लहान घरे उभारून त्यांत त्या त्या ठिकाणची माहिती लावली आहे. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या आणि दमलेल्या माणसाला सायकलीसकट उचलून नेणाऱ्या व्हॅन मिळतात. संपूर्ण वाट एका दमात करण्याचे बंधन कोणावरही नाही. आम्ही तीन दिवसांत तीन तुकडे करायचे ठरवले.

यंत्राची ओळख

क्लाइडच्या दुकानात ज्या सायकली मिळाल्या त्या जाड टायरच्या, पुढच्या चाकाला धक्के शोषणारे स्प्रिंग असलेल्या होत्या. पेडलांच्या मधोमध मोटर आणि खालच्या दांड्यात बॅटरी. वजन पंचवीस किलोच्या आसपास. दुकानातल्या मुलीने मला पुढचा दांडा खाली वाकलेली सायकल दिली, म्हणजे टांग मागून न टाकता पाय पुढूनच पलीकडे नेता येतो. सीट तिने नेहमीपेक्षा थोडी खाली घेतली. "थांबताना दोन्ही पावले जमिनीवर टेकली पाहिजेत," ती म्हणाली. नवशिक्या ज्येष्ठांचे पडणे बहुधा थांबताना किंवा निघताना होते, वेगात असताना कमी, हे तिने सांगितलेले मी लक्षात ठेवले.

ह्या सायकलीची रीत अशी. हँडलवर बटण असते, त्यावर मदतीच्या तीन-चार पायऱ्या असतात. पेडलवर किती दाब पडतो हे आतला सेन्सर ओळखतो आणि त्या प्रमाणात मोटर जोर पुरवते. पाय थांबले की मोटरही थांबते. नुसते बसून राहिलात तर ही सायकल एक फूटही पुढे नेत नाही. हे ऐकल्यावर ह्यांच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली.

पहिली चूक माझीच. दुकानाबाहेर उभी असताना मदत सर्वांत वरच्या पायरीवर होती आणि मी सहज एक पाय पेडलवर ठेवला. सायकलीने एकदम पुढे झेप घेतली, मी कुंपणाला टेकले आणि नडगी खरचटली. तेव्हापासूनचा नियम : थांबताना मदत खालच्या पायरीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले, आणि निघायचे ठरेपर्यंत पाय जमिनीवर. डिस्क ब्रेकही फार तत्पर असतात. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू दाबायची सवय आम्ही रिकाम्या मैदानात तासभर केली.

तीन तुकडे

पहिल्या दिवशी क्लाइड ते अलेक्झांड्रा, जेमतेम ८ किलोमीटर. वाट सपाट. टेकड्यांवर सर्वत्र थाइमची रानटी झुडपे आहेत. चाकाखाली एखादी फांदी चिरडली की थेट ओव्याचा वास येतो. ह्यांनी त्या दिवशी मोटर बंदच ठेवली होती. मी पहिल्या पायरीवर. दोघेही वेळेत पोहोचलो, आणि हे विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ, मला तुझी बॅटरी लागली नाही."

दुसऱ्या दिवशी लॉडर ते ओतुरेहुआ, सुमारे २२ किलोमीटर. हा साऱ्या वाटेतला सर्वांत देखणा भाग. मनुहेरिकिया नदीवरचा लांब पूल ओलांडला की वाट पूलबर्न नावाच्या घळीत शिरते. तिथे डोंगर फोडून काढलेले, दोनशेच्या घरातल्या मीटरांचे दोन बोगदे आहेत. आत दिवे नाहीत. आम्ही उतरलो, विजेरी लावली आणि सायकली हाताने ढकलत नेल्या. त्यासाठीही एक बटण असते. ते दाबून धरले की सायकल माणसाच्या चालीने आपणहून पुढे सरकते, जड वजन हातांवर येत नाही. बोगद्यांपलीकडे ३७ मीटर उंचीचा पूल आणि खाली खोल दरी.

घळ संपल्यावर आयडा खोरे उघडले आणि समोरून वारा आला. चढ सौम्य होता, पण ह्या प्रदेशात वारा हाच खरा चढ. ह्यांची सायकल मंदावली. मी मागून पाहत होते : खांदे वर आलेले, बोलणे थांबलेले. मला राहवले नाही. मी शेजारी गेले आणि म्हणाले, "अहो, शेवटच्या पायरीवर ठेवा, नाहीतर मी आत्ता व्हॅन बोलावते."

ते थांबले. दोन्ही पावले नीट जमिनीवर टेकून म्हणाले, "अगं, मला मदत नको असं नाही. पण तू एकदम सगळंच करायला निघतेस."

त्या उघड्या माळावर मला तीन वर्षांचे घर आठवले. गोळ्यांची डबी मी उघडत होते, बुटांचे बंद मी बांधत होते, दारावरची पिशवी त्यांच्या हातून मी घेत होते. सारे प्रेमानेच, पण मदत सतत वरच्या पायरीवर. आणि त्यांनीही दमणे लपवायला शिकून घेतले होते, कारण 'दमलो' म्हटले की मी सगळेच बंद करीन ही त्यांची खात्री.

त्यांनी स्वतः बटण दाबले, पहिली पायरी. थोड्या वेळाने दुसरी. खांदे खाली आले. मी माझी मदत त्यांच्याइतकीच ठेवली आणि आम्ही शेजारी-शेजारी, गप्पा मारत ओतुरेहुआला पोहोचलो. तिथे १९०२ पासून चालू असलेले गिलख्रिस्टचे किराणा दुकान आहे. शेतावरच्या तारा ताणण्याच्या अवजारासाठी प्रसिद्ध झालेला हेझ यांचा जुना कारखानाही आहे, आणि त्यातली यंत्रे बघण्यात ह्यांचा तास गेला. पुढे वेडरबर्नपर्यंत आणखी १२ किलोमीटर जायचा बेत होता. मी काहीच बोलले नाही. चहा संपवून हेच म्हणाले, "मी दमलोय. आज इथेच पुरे. व्हॅन सांगू."

तीन वर्षांत प्रथमच त्यांनी तो शब्द आपणहून उच्चारला.

तिसऱ्या दिवशी वेडरबर्न ते रॅनफर्ली, सुमारे १३ किलोमीटरचा उतार. ह्या वाटेचा सर्वोच्च बिंदू वेडरबर्नजवळ ६१८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या लोणावळ्याइतका. उत्तरेला हॉकडनची सपाट माथ्याची डोंगररांग दिसते आणि सह्याद्रीतल्या पठारांची आठवण होते. त्या दिवशी कोणी कितव्या पायरीवर होते हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

निघण्यापूर्वी

हृदयविकार, मधुमेह, हाडांची ठिसूळता, चक्कर किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे. बायपास झालेल्यांनी छातीचे हाड पूर्ण जुळल्याची खात्री करून घ्यावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यांवर न विसंबता श्वासावर लक्ष ठेवावे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम योग्य. वाक्य तुटू लागले की मदत एक पायरी वाढवावी. छातीत दाब, घाम, चक्कर जाणवल्यास लगेच थांबून मदत मागावी. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी.

विजेची मदत घेतल्याने व्यायाम वाया जातो, ही समजूत खरी नाही. ब्रिटनमधील रेडिंग व ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठांतील संशोधकांनी ५० ते ८३ वयाच्या लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. आठवडे आठ, दर आठवड्याला तीनदा, अर्धा-अर्धा तास सायकल. साध्या सायकलीइतकाच विद्युत सायकलीचाही मनाला व विचारशक्तीला काही बाबतींत लाभ दिसला.

वाट निवडताना पाच प्रश्न विचारावेत. चढ किती? जमीन कशी? मोटारी येतात का? दर दहा-पंधरा किलोमीटरवर बाहेर पडता येते का? दमल्यास नेणारे कोणी आहे का? न्यूझीलंडमध्ये सायकलवाटांना १ ते ६ अशी श्रेणी असते. ज्येष्ठांनी १ व २ च्या पलीकडे सुरुवातीला पाहू नये.

विद्युत सायकलीची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून सायकल तिथेच भाड्याने घ्यावी. न्यूझीलंडमध्ये हेल्मेट सक्तीचे आहे. तिथे अपघातात जखमी झालेल्या पाहुण्यांचा उपचारखर्च सरकारी योजना बराचसा उचलते, पण आजारपणाचा नाही. म्हणून प्रवासविमा हवाच, आणि जुन्या आजारांची नोंद त्यात स्पष्ट असावी. ऊन कोवळे वाटले तरी त्वचा पटकन भाजते. डिसेंबर ते एप्रिल हे महिने चांगले. हिवाळा टाळावा. ह्या वाटेजवळच्या ओफिर गावी १९९५ च्या जुलैमध्ये तापमान उणे २१.६ अंशांपर्यंत उतरले होते.

इतक्या दूर जाणे सर्वांना शक्य नसते, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. आपल्या देशात २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या ई-सायकलीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. विकत घेताना मूठ पिळून चालणारीपेक्षा पायांच्या दाबाने मदत देणारी निवडावी. आठवडाभर रोज पंधरा मिनिटे एखाद्या मोकळ्या मैदानात फक्त निघणे, थांबणे आणि वळणे शिकावे.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच रविवारी जिन्याखालून पंपाचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. हे खाली वाकून हवा भरत होते. अर्ध्यावर थांबले, दम घेतला आणि वर न बघताच म्हणाले, "जरा पंप धर. पण दाबणार मीच."