हा तो नव्हे

मी आजवर काहीही जमवलेलं नाही. आमच्या शाखेतले हेडकॅशियर जुनी नाणी जमवतात, शेजारचे अण्णा काडेपेट्यांचे छाप जमवायचे आणि आमची सौ. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, चळत करून जमवते. मी मात्र कोरा. दिवसभर लोकांचे पैसे मोजून घरी आल्यावर आणखी काही मोजायची वासना उरत नाही, हे एक कारण. शिवाय बी. कॉम.ला 'घसारा' हा विषय मन लावून वाचल्यामुळे कुठलीही वस्तू घरात आली, की तिची किंमत दरसाल दहा टक्क्यांनी उतरताना मला डोळ्यांसमोर दिसते.

तरीसुद्धा गेल्या वर्षापासून माझ्याकडे एक संग्रह आहे. त्यात एक कार्ड आहे. अमेरिकेत १९६९ साली छापलेलं बेसबॉलचं कार्ड. त्यावर ज्याचं नाव आहे त्याचा फोटो नाही, ज्याचा फोटो आहे त्याचं नाव नाही, आणि बाजारात त्याला कुणी विचारणार नाही. संग्राहक म्हणून माझी योग्यता एवढ्यावरून ध्यानात यावी.

माझा गंगाधरमामा १९७२ साली दादरच्या चाळीतून उठला तो थेट न्यू जर्सीत जाऊन बसला. मामी सहा वर्षांपूर्वी गेली, मामा गेल्या वर्षी. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन अस्थी घेऊन नाशिकला आमच्याकडे आला. नितीन माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पण तिकडे दादा वगैरे चालत नसल्यामुळे तो लहानपणापासून नुसता नितीन. रामकुंडावरचे विधी आटोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅगेतून बुटांचं एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे बाबांच्या पलंगाखाली होतं," तो म्हणाला. "तू मला वाचून दाखव."

सौ. चहा घेऊन आली होती. तिने खोक्यात डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अगं बाई! मामांना पत्त्यांचा नाद होता?"

पत्ते नव्हते. रबर बँड लावलेला बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा गठ्ठा होता. रबर बँडने बांधलेलं काहीही समोर आलं की माझे हात आपोआप चालू लागतात. मोजली. दोनशे बारा भरली. पुन्हा मोजली. दोनशे बाराच.

आता ज्या वाचकांना बेसबॉल कळत नाही त्यांनी संकोच करू नये. मलाही कळत नाही. मला कळतो तो त्यातला व्यापार. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटात ताठपणासाठी पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. त्यावर खेळाडूंची चित्रं छापली, तर गिऱ्हाईक चित्रासाठी सिगारेटी ओढू लागलं. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली आणि मुलं चित्रासाठी रबरासारखा गोड पदार्थ चघळू लागली. १९३३ साली गाउडी नावाच्या च्युइंगम कंपनीने तर कमाल केली. दोनशे चाळीस कार्डांचा संच काढला आणि त्यातलं एकशे सहा नंबरचं कार्ड छापलंच नाही! पोरं बिचारी एकशे सहासाठी पाकिटांवर पाकिटं फोडताहेत. शेवटी तक्रारी गेल्या, तेव्हा पुढच्या वर्षी ते कार्ड छापून तक्रारवाल्यांना टपालाने पाठवलं. त्यावर नॅप लाजोय नावाचा जुना मोठा खेळाडू होता. मधला एक अनुक्रमांक गहाळ असला की आमच्या ऑडिटरच्या कपाळावरची शीर उडू लागते. इथे त्यावर अख्खा धंदा चालला.

पण खरी गंमत १९५२ सालच्या टॉप्स कंपनीच्या संचाची. साय बर्जर नावाच्या गृहस्थांनी एका सहकाऱ्याला घेऊन ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर या कार्डांचा आराखडा तयार केला. चारशे सात कार्डं. त्यातली शेवटची शंभरएक बाजारात उशिरा आली आणि पडून राहिली. वखारीत जागा अडते म्हणून १९६० साली बर्जरसाहेबांनी ती पेट्यांच्या पेट्या होडक्यावर चढवून अटलांटिक महासागरात बुडवली. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. बुडालेल्यांत तीनशे अकरा नंबरचा मिकी मँटल होता. त्याच मँटलचं एक कोरं करकरीत कार्ड २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे आपले शंभर कोटी! इतक्या रकमेची शून्यं मी फक्त मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकात पाहिली आहेत.

"जे वाचलं तेही आयांनी फेकून दिलं," नितीन म्हणाला. तिकडे हे सर्वमान्य आहे. मुलगा कॉलेजला गेला की आई त्याची खोली झाडते आणि कार्डांचं खोकं केराच्या डब्यात जातं. म्हणून जुनी कार्डं दुर्मिळ, म्हणून महाग. ही बातमी फुटल्यावर १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या यच्चयावत मुलांनी कार्डं जपून ठेवायला सुरुवात केली, कंपन्यांनी डोंगराएवढी छापली, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांची किंमत शून्य झाली. नितीनची स्वतःची काही हजार कार्डं या काळातली. मामी पडली आपल्याकडची. तिने एकही फेकलं नाही. उलट नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवली. मागणी आणि पुरवठ्याचा सिद्धांत मला कॉलेजात दोन वर्षांत जेवढा कळला नव्हता तेवढा त्या सकाळी कळला.

"पण ही तर जुनी दिसतात," मी खोक्याकडे बोट दाखवलं. "पन्नास-साठ सालची. मग यांचे पैसे येतील की!"

नितीनने एक कार्ड उलटं केलं. पाठीमागे खेळाडूची बारीक आकडेवारी, आणि समासाच्या जागेत निळ्या बॉलपेनने मामाचं गोलसर मराठी अक्षर.

"दुकानदाराला दाखवली," नितीन म्हणाला. "तो म्हणाला, कुणीतरी वाट लावली आहे."

या धंद्यात कार्डाला एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोपरा किंचित झिजला तरी गुण उतरतो, मग बॉलपेनची काय कथा! आणि मामाने दोनशे बाराच्या दोनशे बारा कार्डांवर लिहून ठेवलं होतं. नितीनला मराठी बोलता येतं, आमच्या सौ.च्या मते लहान मुलासारखं गोड येतं. पण वाचता येत नाही. बापाने आयुष्यभर जे लिहिलं ते वाचून घेण्यासाठी तो विमानाने अर्धी पृथ्वी ओलांडून बँकेतल्या कारकुनाकडे आला होता.

मी चष्मा लावला. सगळ्यात वरचं कार्ड रबर बँडने दोन्ही कडांना चिरलं होतं. ते बाजूला ठेवलं आणि पुढच्यापासून सुरुवात केली.

बॉब युकर, १९६५. हा सहा हंगाम खेळला आणि त्याची सरासरी भरली बरोबर दोनशे. त्यांच्याकडचे दोनशे म्हणजे आपल्याकडचे नव्हेत. दहा वेळा उभं राहून दोनदा चेंडू लागणं म्हणजे दोनशे. म्हणजे पास होण्याचीही पंचाईत. शिवाय गडी उजव्या हाताने खेळणारा, पण फोटोग्राफरपुढे मुद्दाम डावखुरा होऊन उभा राहिला. पुढे हाच माणूस रेडिओवर पन्नासहून अधिक वर्षं सामन्यांचं वर्णन करत होता, आणि आपल्याच खेळाची टिंगल करून त्याने अख्ख्या देशाला हसवलं. २०२५च्या जानेवारीत तो नव्वदीत वारला. मामाने मागे लिहिलं होतं : "ज्याला जमत नाही त्याने निदान गोड बोलावं. आमच्या सेक्शनला असा एक हवा."

रोबेर्तो क्लेमेंटे. हा पोर्टो रिकोचा. फार मोठा खेळाडू. बरोबर तीन हजार फटके त्याच्या खात्यावर. १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळून गेला. हा रोबेर्तो, पण कार्डावर कंपनीने वर्षानुवर्षं छापलं 'बॉब'. त्याला ते आवडत नसे. मामाने लिहिलं होतं : "याचंही केलं."

"काय केलं?" नितीनने विचारलं.

"नाव बदललं," मी म्हटलं. "मामाला ऑफिसात काय म्हणत?"

"गॅरी," नितीन म्हणाला आणि जरा वेळ काही बोलला नाही.

मग आला औरेलिओ रोद्रिगेझ, १९६९. फोटोत बॅट घेऊन एक कोवळा पोरगा ऐटीत उभा. हा रोद्रिगेझ नव्हेच! संघाच्या बॅटी उचलून ठेवणारा हरकाम्या पोऱ्या आहे. फोटोग्राफरने ओळखलं नाही, कंपनीने तपासलं नाही, आणि कार्ड देशभर गेलं. मी हादरलो. अहो, आमच्याकडे सही जरा तिरपी पडली तर आम्ही म्हाताऱ्या पेन्शनरला तीनदा परत पाठवतो, आधार आण, पॅन आण म्हणतो. आणि इथे लाखो कार्डांवर नाव एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं! मी हे नितीनला सांगितलं आणि रामकुंडानंतर तो पहिल्यांदा हसला. मामाने मागे एवढंच लिहिलं होतं : "हा तो नव्हे. पण उभा कसा राहिलाय बघा!"

असं तीन रात्री चाललं होतं. मी वाचायचो, नितीन मोबाइलमध्ये इंग्रजीत उतरवून घ्यायचा, सौ. मधूनच "पुन्हा वाचा हो ते" म्हणायची. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की मामाचं लक्ष खेळाडूंवर कमी आणि शेजारी बसलेल्या पोरावर जास्त होतं. "नितीनने हा शोधला." "नितीनला दुकानदाराने फसवलं, मी गप्प बसलो." "नितीनचा आवाज फुटला."

शेवटाकडचं एक कार्ड १९८९ सालचं, म्हणजे त्या साली घेतलेलं. "मला अजून यातलं काही कळत नाही. थंडीत तासभर उभं राहून पाय दुखतात. पण नितीनला आवडतं."

मी वाचलं आणि नितीनकडे पाहिलं. त्याने मोबाइल खाली ठेवला होता.

"मला तेराव्या वर्षीच कंटाळा आला होता," तो म्हणाला. "बाबांना आवडतं म्हणून मी आणखी दोन वर्षं गेलो."

सौ. उठून आत गेली. पातेल्यांचा आवाज झाला, पण रात्री साडेअकराला पातेल्यांचं काही काम नव्हतं.

उरलं ते बाजूला ठेवलेलं पहिलं कार्ड. अँडी पाफ्को, १९५२, नंबर एक. याची कथा कुठल्याही रोखपालाला पटेल. त्या काळची मुलं संच नंबराप्रमाणे लावून रबर बँड चढवायची, त्यामुळे नंबर एकचा पाफ्को नेहमी वर. रबर त्याला कापणार, खिशातली धूळ त्याला लागणार, घामट हात त्याला लागणार. म्हणून धडका पाफ्को मिळणं मुश्किल आणि मिळाला तर भाव विचारू नये. आमच्याकडे नोटांच्या पुडक्यात वरच्या नोटेचे हेच हाल असतात.

माणूस म्हणूनही पाफ्को असाच. विस्कॉन्सिनचा, स्लोव्हाकियातून आलेल्या शेतकरी आईबापांचा मुलगा. १९५१च्या ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये निर्णायक सामन्यात ब्रुकलिनचा संघ शेवटच्या डावात ४-२ असा पुढे होता, आणि बॉबी थॉमसनने असा टोला हाणला की तीन धावा होऊन सामना ५-४ असा फिरला. तो चेंडू भिंतीशी उभ्या असलेल्या पाफ्कोच्या डोक्यावरून गेला. त्याला फक्त वर बघत राहता आलं. हा गृहस्थ पाच वेळा राष्ट्रीय निवडीच्या संघात होता, ब्याण्णव वर्षं जगला. पण लोकांच्या आठवणीत तो वर बघत उभाच आहे.

मी कार्ड उलटलं.

"जून ८७. नितीनबरोबर घेतलं. महाग. येताना गाडीत सबंध वाट हा मनुष्य समजावून सांगत होता. चेंडू याच्या डोक्यावरून गेला म्हणे. नितीनचं बोलणं निम्मं माझ्याही डोक्यावरून गेलं. पण सबंध वाट बोलत होता."

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नितीननेच सांगितलं म्हणून.

निघायच्या दिवशी तो म्हणाला, "तुमच्या बँकेत लिहिलेली नोट कुणी आणली तर?"

"घ्यावी लागते," मी म्हटलं. "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घोषणाबाजी, राजकीय संदेश नसला, की लिहिलं म्हणून नोटेची किंमत कमी होत नाही. शंभराचे शंभर."

"मग दुकानदारापेक्षा तुमची बँक बरी," तो म्हणाला. आमच्या बँकेविषयी असं बोलणारा माणूस मी वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिला.

कार्डांना आता रबर बँड लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं. तिकडे त्यासाठी खास प्लॅस्टिकचे लखोटे मिळतात म्हणे. इथे कुठून आणणार, असा विचार चाललेला असताना सौ. आतून पिशव्यांची चळत घेऊन आली. स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या, कात्रीने मापात कापलेल्या. एका पिशवीत वीस-वीस याप्रमाणे दोनशे अकरा कार्डं बसली. पाफ्कोला तिने एकट्याची वेगळी पिशवी दिली.

दोनशे बारावं नितीनने माझ्यासाठी ठेवलं. ते आता माझ्या काउंटरवर काचेखाली आहे, फोटोची बाजू वर करून. गिऱ्हाईकं रांगेत उभी असताना वाकून बघतात आणि विचारतात, "कोण हो हा? मोठा खेळाडू का?"

मी नोटा मोजत मोजत सांगतो, "हा तो नव्हे."