आत्याच्या काड्या

आमच्या परसातल्या अंजिराचं वय किती, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मी काडी लावली तेव्हापासून मोजायचं, की ती ज्या झाडावरून आली त्या झाडापासून? आणि ते झाडही कुठल्या तरी काडीचंच. पुरंदरचं अंजीर बियांपासून वाढवत नाहीत. अंजिराच्या काही जातींना फळ धरायला एक चिमुकला कीटक आत शिरावा लागतो, आपल्याकडचं अंजीर मात्र त्याच्यावाचूनच पोसतं. फळ गोड होतं, पण आतले दाणे पोकळ राहतात, रुजत नाहीत. म्हणून एका झाडाची काडी दुसरीकडे, तिथली तिसरीकडे, असं हे झाड माणसांच्या हातूनच चालत आलेलं आहे. माझ्यापर्यंत ते आत्याच्या हातून आलं.

हे मला लहानपणी कुठलं ठाऊक असायला! पुण्याच्या आमच्या वाड्यात मी अंजिराच्या बिया डब्यात पेरून रोज पाणी घालत असे. सुटीत सासवडजवळ आत्याकडे गेले तेव्हा तिला रडवेलं तोंड करून सांगितलं. ती हसली नाही. मला बांधावर घेऊन गेली आणि म्हणाली, “ह्याचं बी नावाला असतंय बाई. ह्याला काडीच लागती.”

छाटणीच्या दिवसांत तिच्याबरोबर राहायला मिळालं की मी तिच्या मागे मागे असे. फार कोवळी काडी ती घेत नसे, जून लाकूडही नाही. मागच्या वर्षीची, अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, चार-पाच डोळे असलेली, वीतभराहून जरा लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आडवा. वरचा काप डोळ्याच्या जरा वर, तिरका. तिरका काप म्हणजे वरची बाजू, ही खूण. काडी उलटी गेली तर मेहनत वाया. कापातून पांढरा चीक गळायचा, तो अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून हात झाकून काम. मग काड्या सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा आणि वाफ्यात दोन हिस्से मातीत, एक हिस्सा वर अशा रोवायच्या.

थोड्या दिवसांत पानं फुटत. मला वाटायचं, झालं, लागलं झाड. आत्याला त्या पानांचं काही वाटत नसे. काडीत साठलेल्या रसावरच ती पानं येतात, खाली मुळी असेलच असं नाही, हे ती जाणून होती. “उपटून बघायचं न्हाई,” एवढंच सांगायची. “तिचं तिला करू दे.” पानं आली आणि मग वाळली तरी ती काडी टाकत नसे. पुष्कळदा तिला नव्याने कोंब यायचा, आणि तो टिकायचा.

जो मागेल त्याला आत्या काड्या देई. पाहुण्याला, बैलगाडीवाल्याला, शाळेतल्या मास्तरांना. एकाच बाबतीत ती कठोर होती. पानांवर तांबेरा फार असलेल्या किंवा खोडकिड्याने पोखरलेल्या झाडाची काडी ती सख्ख्या भावालाही देत नसे. वडील एकदा नाराज झालेले मला आठवतात. काडीबरोबर झाडाचं सगळंच जातं, गुणही आणि दुखणंही, हे तिने त्यांना दोनदा समजावलं होतं. पुढे डाळिंबावर तेल्या रोग आला आणि रोगट बागांतल्या कलमांबरोबर तो गावोगाव पोचला, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांची उभी बाग काढावी लागली. त्या बातम्या वाचताना मला आत्याचा तो नकार आठवे. देणं जितकं तिच्याकडून शिकले, तितकंच न देणंही.

१९७२चा दुष्काळ आला. विहिरीने तळ गाठला. प्यायचं पाणी लांबून आणायचं, तिथे बागेला कुठलं? अंजिरं एकेक करून वाळली. मी दहा वर्षांची होते. वाळलेल्या बागेत आत्या सरपण गोळा करत होती, ते पाहून मला तिच्याशी बोलायचं सुचेना. तिने मात्र त्यानंतरच्या छाटणीला वाट धरली. ज्यांना ज्यांना काड्या दिल्या होत्या त्यांच्याकडे गेली. ज्यांची झाडं रानात होती त्यांचीही गेली होती. पण काहींनी ती घरामागे, मोरीच्या तोंडाशी लावली होती, आणि भांडी धुतल्याच्या पाण्यावर ती जगली होती. आत्याचं अंजीर तिला परत मिळालं. त्या वयात मला ते नशीब वाटलं.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी नापास झाले आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटून आत्याकडे जाऊन राहिले. तिने परीक्षेचा विषय काढला नाही. वाफे माझ्याकडे दिले. पाणी किती, सावली किती, कुठली काडी सुकली आणि कुठली नुसती थांबली आहे, हे रोज बघता बघता मला पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीकडे नीट बघता येऊ लागलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसले आणि वनस्पतिशास्त्र घेतलं. ते मला त्या वाफ्यांनी दिलं, असंच मी मानते.

वर्गात ऑक्झिनचा धडा आला तेव्हा मी वही बंद करून ऐकत राहिले. १९२८ साली फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून हे वाढीचं द्रव्य दाखवून दिलं. कोवळ्या कोंबात आणि पानांत ते तयार होतं, खाली उतरत जातं आणि काडीच्या खालच्या कापाशी साठतं, तिथून मुळ्या फुटतात. उतरायची त्याची दिशा ठरलेली असते, काडी उलटी रोवली तरी ती बदलत नाही. तिरक्या कापाची खूण का, वरचे डोळे का जपायचे, हे सगळं मला तेव्हा उलगडलं. सुटीत मी धावत जाऊन आत्याला सांगितलं. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मग आमचं बरोबर हुतं न्हवं?”

पुढे मी शाळेत शिकवू लागले. मुलांना फुलाचे भाग मी पुस्तकातून शिकवले, पण काडी प्रत्येकाच्या हातात दिली. २००६ साली काही संशोधकांनी मांडलं की, यार्देन नदीच्या खोऱ्यातल्या गिलगालला मिळालेली सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरं बिनबियांच्या जातीची आहेत, म्हणजे धान्याची शेती रुळण्याआधीच माणूस अंजिराच्या काड्या लावत असावा. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र ते वाचताना वाफ्यापाशी बसलेल्या कितीतरी आत्या दिसल्या. तोवर माझी आत्या गेली होती. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही तिला पाहायला मिळालं नाही.

झाडाशी बोलायची सवय मला ती गेल्यावर लागली. लोकांना ते भाबडं वाटतं, वाटू दे. माझ्या परसातलं अंजीर हे तिच्या झाडाचं मूल नाही, तेच झाड आहे. तिने ज्या लाकडाला हात लावला तेच लाकूड वाढत वाढत इथवर आलंय. त्याला पहिलं फळ आलं की मी आत्याला सांगते, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी नळाच्या खोदाईत त्याची मुळं तुटली आणि झाड गेलं. आमच्याकडे पूर्वी कामाला येणाऱ्या बाईंना हे कुठूनसं कळलं. त्यांनी कधीकाळी माझ्याकडून काड्या नेल्या होत्या, दौंडकडे त्यांच्या माहेरी लावल्या होत्या. मी हे पार विसरून गेले होते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली जुडी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. वरच्या बाजूचे काप तिरके होते. मी शिकवलं तसेच त्यांनी घेतले होते, म्हणाल्या. पुढचं काही बोलायच्या आधी मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या संकोचल्या. माझ्याहून वयाने लहान आहेत.

त्या जुडीतल्या निम्म्याअधिक काड्या लागल्या. एक परसात ठेवली. दोन आत्याच्या नातवाला पाठवल्या. त्याच्या रानात आता सगळं सीताफळ आहे, अंजीर एकही उरलेलं नव्हतं. बाकीच्यांसाठी माणसं शोधते आहे. मोरीचं पाणी बागेकडे वळवता येतं, असं घर असेल तर आधी तिथे देते.