मनुकांची वाटी

जुन्या नाशकात, भद्रकाली-पंचवटीच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला म्हाताऱ्यांच्या पोटाची खबर रोज असायची. आजी निजण्याआधी काळ्या मनुका वाटीत भिजत घालायची, तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायची. सकाळी आजोबा आधी पाणी प्यायचे, मग मनुका चावून चावून खायचे, मग अंगणात येरझाऱ्या. बद्धकोष्ठ फारच झालं, तर एरंडेल. कढत सुंठेच्या काढ्यावर त्याचा जाड, पिवळट तवंग तरंगायचा. आजोबा डोळे मिटून एका दमात तो घशाखाली उतरवायचे आणि आजी लगेच लिंबाची फोड पुढे करायची. ‘साफ झालं का?’ हे ती माजघरातून मोठ्यानं विचारायची आणि उत्तरही तितक्याच मोठ्यानं यायचं.

आता औषधं सौम्य आहेत. लॅक्टुलोजचं गोड सिरप आतड्यात पाणी धरून ठेवतं, मळ मऊ करतं, फक्त पोट फुगतं आणि कधी मुरडाही येतो. इसबगोल तेव्हाही होतं, आताही आहे. त्यावर भरपूर पाणी प्यायलं नाही तर ते उलट अडतं, एवढं मात्र सांगावं लागतं.

तेव्हाचे संडास आठवले की अंगावर काटा येतो. वाड्याच्या मागे टोपलीचे संडास, आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणारी माणसं. त्या अन्यायावर कायद्यानं बंदी आली ती १९९३ साली. घरच्या बायका पहाटे अंधारात उरकायच्या, नाहीतर दिवसभर दाबून धरायच्या. वेग असा वारंवार मारला की मळ सुकतो, कुंथावं लागतं. रक्त पडलं तरी ‘मूळव्याध असेल’ म्हणून त्या गप्प राहायच्या.

आज कमोड खोलीला लागून आहे, धरायला दांडी आहे, रात्रभर दिवा आहे. गुडघ्यांना हे सुख मोठं. उकिडवं बसणं सुटलं खरं, पण पायांखाली बुटका पाट घेतला तर तीही सोय होते. गेली ती नागलीची भाकरी. दातांमुळे आता मऊ भात, चहा, बिस्किटं. गेल्या घाटाच्या पायऱ्या, आता लिफ्ट. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. त्यात लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही कोठा जड होतो.

आम्ही गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या आईवडिलांना पुण्याहून, बंगळुरूहून रोज फोन करतो. शुगर विचारतो, बीपी विचारतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. आजीचा तो प्रश्न मात्र आमच्या तोंडातून निघत नाही आणि तेही आपणहून सांगत नाहीत. शौचातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, आयुष्यभराची सवय अचानक बदललीय, ही डॉक्टरकडे लगेच नेण्याची लक्षणं. तपासायला आता कोलोनोस्कोपी आहे. पण बंद दाराआड काय चाललंय ते आम्हाला कोणी सांगितलेलंच नसतं.