नोंद कोणाच्या हातची?

लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून बिघाड ओळखणारे मिस्त्री आम्ही रावपुऱ्यात पाहिले आहेत. आता गाडी आपली व्यथा स्वतःच लिहून ठेवते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत ही व्यवस्था एकाच ठरावीक पद्धतीची झाली. आपल्याकडे तिचा पहिला टप्पा २०१० मध्ये व दुसरा २०१३ मध्ये सक्तीचा झाला.

या नोंदीला गॅरेजात नुसते ‘कोड’ म्हणतात. आरंभी एक अक्षर, पुढे चार चिन्हे. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग आदी, ‘बी’ म्हणजे बॉडीतील साधने आणि ‘यू’ म्हणजे गाडीतील निरनिराळ्या यंत्रणांचे आपापसांतील संदेशवहन. ‘पी०३०१’ दिसले की पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, असे समजावे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीतील रेडिओ व नकाशा दाखविणारा पडदा रुसला. गाडी सुरू करताच तो काळा पडे आणि मिनिटभराने पुन्हा उजळे. एका गॅरेजात संगणक जोडला गेला, ‘यू०१८४’ असा कोड निघाला आणि संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. त्या कोडचा अर्थ ‘रेडिओशी संपर्क तुटला’ एवढाच आहे.

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गायकवाड सरकारच्या दप्तरात खपल्या. कागद वाचण्यापूर्वी तो कोणाच्या हातचा व कोणत्या वेळचा, हे पाहण्याचे वळण आम्हांला घरातच लागले. येथेही तोच प्रश्न मनात आला. संपर्क तुटल्याची नोंद रेडिओने केलेली नव्हती. त्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेने ती केली होती. शेजारच्या घरातून हाकेला ओ आली नाही, एवढेच ती सांगत होती. ओ का आली नाही, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. रेडिओ निकामी असेल, वायर सैल असेल, फ्यूज गेला असेल किंवा त्याला पुरेशी वीजच मिळत नसेल.

मग त्याचे म्हणणे त्यालाच का विचारू नये? काही गाड्यांच्या पडद्यात तपासणीचे एक पान दडलेले असते. ठरावीक कळा एकत्र दाबून धरल्या की ते उघडते. या कळा प्रत्येक गाडीच्या निराळ्या. आमच्या पुतण्याने माहितीपुस्तिका धुंडाळून ते पान उघडले. तेथे रेडिओच्या स्वतःच्या स्मृतीत ‘यू३००३’ हा कोड होता. त्याचा रोख बॅटरीच्या व्होल्टेजकडे असतो.

पुतण्याने मीटर लावला. पूर्ण भारलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरतानाही ती साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. आमची आठावर उतरत होती. इंजिन कसेबसे सुरू होई; पडद्याला मात्र तेवढ्या विजेवर तग धरवत नसे. नवी बॅटरी बसविली, जुने कोड पुसले आणि पुढील दोन महिने त्यांतील एकही परतला नाही. नुसते कोड पुसले असते तर ते दुसऱ्याच सकाळी पुन्हा उमटले असते.

आपल्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांना अबोल्याच्या नोंदी नव्या नाहीत. इंदूरची काकू पत्र पाठवीत नाही, ही तक्रार पुण्याच्या घरी लिहिली जाते आणि दोष काकूच्या नावावर पडतो. तिच्या डोळ्यांना अक्षर दिसेनासे झाले, हे कोणीतरी इंदुरास गेल्यावरच कळते. तेव्हा वाचकहो, गाडीचा एखादा भाग बदलण्यास रुकार देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोड कोणत्या यंत्रणेने नोंदविला, आणि ज्याच्यावर ठपका आहे त्याच्या स्वतःच्या स्मृतीत काय लिहिले आहे? उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत. पुसण्याचे काम त्यानंतरचे.