दोनदा लिहिलेली पऱ्हाटी

फुलसावंगी,
२० ऑगस्ट २०२५

चि. मुक्ता,


तुझ्या अन्वीला शाळेत घरच्या महत्त्वाच्या दिवसांचा तक्ता न्यायचाय, म्हणून तू चौथीत माझ्या वर्गात असतानाच्या कॅलेंडरचा जुना फोटो शोधलास, हे वाचून फार बरं वाटलं. जुलैच्या पानावर एकाच मुलाच्या नावापुढे ‘पऱ्हाटी’ दोनदा कशी, ही चूक का, असं विचारलंस. चूक नाही, बाळा. त्याची गोष्ट सांगते.

फळ्यावर दिनविशेष आम्ही रोज लिहीतच होतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. मुलं वहीत उतरवून घेत, आणि दुपारी गणितासाठी फळा पुसला की संपलं. मग तुमच्या आधीच्या एका वर्षी, श्रावणात, बंजारा तांड्यावरची एक मुलगी दोन दिवस आली नाही. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमची तीज हाये." भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने तीज शोधली होती, सापडली नव्हती. मी तिला तिजेचे गहू पेरायची टोपली आणायला सांगितली. काळ्या मातीत गहू पेरून नऊ दिवस सगळ्या वर्गाने पाणी घातलं, पट्टीने रोज कोंब मोजले. अंकुरणाचा धडा मी त्या वर्षी वेगळा शिकवलाच नाही. त्याच आठवड्यात बारा ड्रॉइंग शीट आणले आणि सांगितलं, ज्याचा त्याचा दिवस यात आला पाहिजे.

तुमच्या कॅलेंडरातही, तुला आठवत असेल, काही दिवस शाईने होते, काही पेन्सिलीने. १५ ऑगस्ट शाईने. पोळा, ईद पेन्सिलीने, कारण ते सरकतात. मागची तीन वर्षंच बघ: २०२३ साली पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२४ ला २ सप्टेंबर, यंदा परवा, २२ ऑगस्टला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून दर साल अकरा-बारा दिवस मागे येतो. मग अधिक महिना येतो आणि त्याला पुन्हा पुढे ढकलतो. रमजान ईदला अधिक महिना नाही: २२ एप्रिल, ११ एप्रिल, ३१ मार्च, अशी ती मागेच येत राहते, सगळ्या ऋतूंतून फिरते. असंच गणित तेव्हा मुलांनी खडूने फरशीवर मांडलं होतं, आणि त्यात बोटांवर मोजणारी तू होतीस.

आता १ जुलै. कृषी दिन. वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, आपल्या पुसदजवळच्या गहुलीचा. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे हा दिवस आमच्याकडे अगदी सुरुवातीलाच येतो. वृक्षदिंडी काढायची, रोप लावायचं, झालं. पण त्याच दिवसांत अर्ध्या वर्गाचे आईबाप वावरात पेरत असतात. म्हणून मी म्हटलं, तुमच्या घरी काय पेरलं आणि कधी, ते लिहा. तूर, सोयाबीन, ज्वारी यांचे चार दाणे मुलांनी कागदावर चिकटवले. सरकीला औषध लावलेलं असतं, ती आणू दिली नाही, नुसतं नाव लिहायला लावलं.

तू विचारलंस त्या मुलाने १ जुलैपुढे मोठ्या अक्षरांत ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशी, लिहिलं. मग पावसाने दडी मारली. दोन आठवड्यांनी तो खोडरबर घेऊन माझ्या टेबलाशी आला. "बाई, हे खोडू काय? टोबलं ते निंघलंच नाही. काल परत टोबलं." शाईने लिहिलेलं त्याने आधीच घासून पाहिलं होतं, कागद विरला होता. फोटोत नीट बघ, तिथे फिकट ठिगळ दिसेल. मी म्हटलं, खोडू नको. दोन्ही दिवस तुझ्या घरचेच आहेत. मग खाली १६ तारखेला त्याने पुन्हा लिहिलं, या वेळी पेन्सिलीने, आणि मीही त्याला शाई दिली नाही.

अन्वीच्या तक्त्यात परवाचा पोळा लिही. उद्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतील, हळद-लोणी लावतील, दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन देतील. तेही सांग तिला. आणि तिच्या बाजूला बसणाऱ्या मुलांचे दिवस कोणते, ते मला लिहून कळव. इथल्या मुलांना दाखवायचे आहेत.

तुझी,
आत्या